पितळी वाद्ये आणि हसरे वादक

देवळाच्या चौकात सनई चालू असता वादकासमोर उभे राहून चिंच चोखण्याची खोडी आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. वादकाच्या तोंडास पाणी सुटते आणि सूर बिघडतो. पाश्चात्त्य देशांतील ब्रास बँडपुढे हीच खोडी लिंबू चोखून केली जाते. फुंकीच्या वाद्यांचे वर्म सर्वत्र एकच आहे. या फुंकीच्या बळावर गोमंतकाबाहेर जाऊन पोट भरणाऱ्या ट्रम्पेटवादकांचा इतिहासही अशाच गमतींनी भरलेला आहे. मात्र त्या गमतींच्या आड त्यांची खरी नावे लोपून गेली.

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. परंतु लिपी अवगत झालेला मुलगा पुढे कोणत्याही बँडमध्ये बसू शके. गावात पुरेसे काम नसे. मुंबईस धोबीतलावच्या परिसरात गावकऱ्यांनी सामाईक चालविलेली ‘कूड’ नावाची बिऱ्हाडे होती. दिवसा तेथे पथारी टाकणारा वादक रात्री कोट व बो चढवून, मुंबईच्या उकाड्यात, श्रीमंतांच्या हॉटेलात वाजवीत उभा राही. वादनाच्या ओघात श्वासातील बाष्प थंड होऊन ट्रम्पेटच्या नळीत पाणी साठते. ते काढण्यासाठी वाद्यास एक बारीकशी झडप असते. अनभिज्ञ श्रोते मात्र तिच्यातून गळणारे पाणी थुंकीच समजत!

हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे या वादकांतील अग्रणी होत. अमेरिकेचे विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनाची व गायनाची ढब त्यांनी अशी आत्मसात केली होती, की लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्यांनी धारण केलेले नाव होते ‘चिक चॉकलेट’. जाहिरातीस हे नाव फार सोयीचे ठरले. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतील नृत्यरात्रींची रया गेली आणि बँडवाल्यांना चित्रपटांच्या कामाचा आधार अधिकच घ्यावा लागला.

तेथे त्यांना पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासारखे रसिक संगीतकार भेटले. १९५१ च्या मास्टर भगवान यांच्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही झळकले. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गाण्याची कथा तर विशेष गोड आहे. मुलांच्या खेळातील निरर्थक शब्दांवरून ते सुचले, आणि रामचंद्रांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात ‘मला नको’ या अर्थाचे कोकणी शब्द घातले, असे सांगतात. सारा देश आपल्या नकळत कोकणीत नकार गाऊ लागला!

ध्वनिमुद्रणाची तऱ्हाही मौजेची होती. ट्रम्पेटचा आवाज मोठा, म्हणून त्याच्या वादकास मायक्रोफोनपासून दूर उभे करीत. संगीतकार चाल हार्मोनियमवर सरगमाने सांगे. ती स्वरलिपीत उतरविणारा व वाद्यवृंदाची मांडणी करणारा बहुधा गोमंतकीय असे. शंकर-जयकिशन यांच्याकडील सेबास्टियन डिसोझा हे अशांतील एक थोर नाव. कागद समोर येताच वादक तो प्रथमदर्शनीच वाजवीत. परंतु आपल्या रागसंगीतातील मींड त्या लिपीत नीटशी मावत नसे. ती कानाने ऐकूनच उचलावी लागे.

श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचे नाव ठळक दिसे. वादकांची नावे सहसा नसतच. चिक चॉकलेट १९६७ साली निवर्तले. त्यांच्या ट्रम्पेटवर ठेका धरणाऱ्या कित्येकांना वाझ हे आडनाव ठाऊक नव्हते. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले, तेही १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ही गुरुदक्षिणा दिली. पडद्यावर त्या नावाचा नायक प्रचंड अंड्यातून बाहेर येतो. प्रेक्षक पोट धरून हसले. परंतु हे नाव एका खऱ्या गुरूचे आहे, हे थोड्यांनाच उमगले.

आपल्या देवस्थानांत वाजंत्री हा सेवेकरी गणला जातो. उत्सवात त्याचे स्थान ठरलेले असते आणि त्याचा मान त्यास आवर्जून दिला जातो. मुंबईस गेलेल्या या सुरांच्या सेवेकऱ्यांना तसा मान मिळाला नाही. त्यांच्या गमती सांगताना त्यांची नावेही घ्यावीत, इतके तरी आपल्या हाती आहे.