चार फळ्या आणि एक तिरळा मठाधिपती

आजचा विषय मातीतला आहे, अगदी शब्दशः.

गच्चीवर भाजी लावायची म्हणून मोबाईलवर एकदा शोधलंत, की पुढे आठवडाभर तेच व्हिडिओ समोर येत राहतात. चार फळ्या, कोपऱ्यांत स्क्रू, आत माती आणि शेणखत, वर पालक-मेथी. झाला वाफा तयार! आपल्याकडे शेतकरी कांद्या-टोमॅटोची रोपं करताना माती उंच करून घेतात, त्याला गादीवाफा म्हणतात. उंचीमुळे पाणी साचत नाही आणि मुळं कुजत नाहीत. लाकडाची चौकट म्हणजे त्या गादीला घातलेला बांध. मला प्रश्न पडला, ही चौकट बघायला इतिहासात किती मागे जाता येईल?

शोधताना पहिली अडचण लाकडाचीच. राजवाड्याचे दगड हजार वर्षं उरतात. वाफ्याची फळी मात्र ओल्या मातीला टेकलेली असते, त्यामुळे थोड्याच वर्षांत ती कुजून मातीत मिसळते. म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलं असेल तरच आपल्याला कळणार. आणि नवव्या शतकात एकाने लिहून ठेवलं आहे.

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेवर, बोडेनझे नावाचं मोठं सरोवर आहे. त्यात रायखेनाऊ नावाचं बेट. तिथे ७२४ साली एक ख्रिस्ती मठ स्थापन झाला. असे मठ संत बेनेडिक्टच्या नियमांवर चालत. त्या नियमांनुसार साधूंनी रोज हातांनी काम करायचं, पाणी आणि बाग मठाच्या आवारातच असावी, आणि चार पायांच्या जनावरांचं मांस फक्त आजाऱ्यालाच द्यायचं. आता विचार करा, अशा ठिकाणी भाजीचा वाफा म्हणजे काही छंद नव्हता. रोजचं जेवण त्यावर अवलंबून होतं, आणि औषधंही.

याच रायखेनाऊत ८२० च्या सुमारास एका आदर्श मठाचा आराखडा चर्मपत्रावर काढला गेला. तो आज सेंट गॅलनच्या ग्रंथालयात आहे. त्यात भाजीच्या बागेचे १८ वाफे दोन रांगांत आखलेत आणि प्रत्येकावर पिकाचं नाव आहे: कांदा, लसूण, कोथिंबीर, शेपू, मुळा, कोबी. औषधी वनस्पतींचे १६ वाफे वेगळे. शेजारी माळ्याचं घर, त्यात अवजारं आणि बियाणं ठेवायची जागासुद्धा. पण हे झालं कागदावरचं नियोजन. माती कशी धरून ठेवायची, हे त्यात नाही.

ते सांगतो वालाफ्रिड. गरीब घरातला मुलगा, याच मठात शिकला. डोळ्यांनी तिरळा, म्हणून लोक त्याला 'स्ट्राबो', म्हणजे तिरळा, म्हणायचे आणि त्यानेही ते नाव लावून घेतलं. पुढे तो सम्राटाच्या मुलाचा, चार्ल्सचा, शिक्षक झाला आणि ८३८ मध्ये रायखेनाऊचा मठाधिपती. ८४० मध्ये सम्राट वारला, मुलांमध्ये राज्यावरून युद्ध पेटलं आणि वालाफ्रिडला मठ सोडावा लागला. दोन वर्षांनी तो परत आला. एवढ्या राजकारणात वावरलेल्या या माणसाने लॅटिनमध्ये चारशेहून जास्त ओळींची एक कविता लिहिली. विषय? स्वतःची बाग. तिला 'होर्टुलस' म्हणतात, म्हणजे छोटी बाग.

सुरुवातीलाच तो बजावतो, की हे ज्ञान नुसतं पुस्तकातून आलेलं नाही, घाम गाळून मिळवलंय. हाताला घट्टे पडू द्यायला आणि शेणखताच्या पाट्या उचलायला जो लाजतो, त्याने बागेच्या नादी लागू नये, असा एकूण सूर. मग कामाला सुरुवात. दारासमोरचं छोटं अंगण नेटल नावाच्या तणाने भरलंय. हे तण अंगाला लागलं की आग होते, आणि जमिनीखाली त्याच्या मुळांचं जाळं विणलेलं असतं. तो ते कुदळीने उपटतो. मातीला ऊन लागू देतो. आणि मग, माती वाहून जाऊ नये म्हणून, वाफ्याभोवती लाकडं लावून तो जमिनीपासून थोडा उंच करतो. ढेकळं फोडतो, खत मिसळतो. पाणी बादलीने आणतो, पण ओतताना ओंजळीतून थोडं थोडं सोडतो, नाहीतर बी जागचं हलेल. गच्चीवर बी पेरणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पुढे वीसहून जास्त वनस्पती येतात. त्यात एक वेल आहे, ती म्हणजे आपला दुधी! कोवळा असताना चरबीत परतून खायचा, आणि वाळून कडक झाला की पोखरून त्यात द्राक्षाची दारू ठेवायची, असं तो सांगतो.

८४९ मध्ये वालाफ्रिड राजदूत म्हणून त्याच जुन्या विद्यार्थ्याकडे, चार्ल्सकडे निघाला होता. वाटेत लुआर नदी ओलांडताना तो बुडाला. वय साधारण चाळीस. कविता मात्र हस्तलिखितांत टिकली आणि १५१० मध्ये व्हिएन्नात छापली गेली. रायखेनाऊ बेट आज जागतिक वारसा स्थळ आहे आणि तिथे आजही भाजीची शेती चालते.

मला या गोष्टीत वालाफ्रिडचं मोल वाटतं ते एका कारणासाठी. लिहिणारे सहसा खणत नाहीत, आणि खणणाऱ्यांना लिहायची सवड मिळत नाही. आराखड्यात माळ्याचं घर आहे, माळ्याचं नाव नाही. वालाफ्रिडने दोन्ही कामं केली, म्हणून एका कुजून गेलेल्या फळीची हकिकत बाराशे वर्षांनी आपल्यापर्यंत आली.

आपल्याकडे गादीवाफा कुणी, कधी, कसा करायला सुरुवात केली, हे तुमच्या गावातल्या एखाद्या आजीला किंवा काकांना तोंडपाठ असेल. खिशात रेकॉर्डर आहेच. पुढच्या वेळी गावी गेलात की त्यांना विचारा, आणि बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!