पुढच्या चाकांचा प्रश्न

मंडळी, गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझा पुतण्या गावाहून आला. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं गाव, वर सड्यावर आंब्याची कलमं. आजवर आंबा भाड्याच्या टेम्पोने जायचा. आता पोरगा स्वतःची पिकअप घ्यायला निघाला होता. बँकेचे कागद झाले होते, गाडी ठरली होती. अडलं होतं एकाच ठिकाणी. ती गाडी दोन प्रकारांत मिळत होती. एकीत इंजिनाचं बळ फक्त मागच्या दोन चाकांना, दुसरीत चारही चाकांना. दुसरीची किंमत जास्त, म्हणजे हप्ता जास्त.

"चाचा, अब्बा म्हणतात चार चाकांचीच घे. नाहीतर घेऊच नको म्हणतात. तुम्ही समजवा त्यांना."

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. गाडीच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पण आमचे थोरले भाई या गोष्टीवर का अडून बसले आहेत, ते मात्र पुरतं ठाऊक होतं. ते पुढे सांगतो. पुतण्याला म्हटलं, मला चार दिवस दे. आणि वाचायला बसलो. वाचता वाचता जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीचं चाक काहीच ओढत नाही. ओढतो तो बैल. त्याचे खूर जमिनीत रुततात, मान जुवाला भिडते आणि गाडी पुढे सरकते. चाकाने फक्त भार वाहायचा आणि फिरायचं. हजारो वर्षं चाकाचं एवढंच काम होतं. चढावर गाडी अडली की गडी उतरून आऱ्यांना हात घालत, म्हणजे चाकालाच जोर देत. मोटार आली आणि हे कायमचंच झालं. आता बैल पुढे नाही. चाकानेच जमीन मागे ढकलायची आणि गाडी पुढे न्यायची. मग पहिला प्रश्न उभा राहिला : किती चाकांनी ढकलायचं?

पहिल्या कारागिरांनी सोपं उत्तर काढलं. पुढची दोन चाकं वळण्यासाठी, मागची दोन ढकलण्यासाठी. कामाची वाटणी झाली. कारण जे चाक डावी-उजवीकडे वळतं, त्यालाच इंजिनाचं बळ पोचवायचं तर मधे असा सांधा हवा, जो वळेलही आणि फिरेलही. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. तो लोखंडात घडवणं सोपं नव्हतं. तरी १९०३ साली हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी चारही चाकांना बळ देणारी पेट्रोलची गाडी बनवली. ती शर्यतीसाठी होती. पुढे १९०८च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, क्लिंटनव्हिल नावाच्या लहानशा गावी, ओटो झाखो आणि विल्यम बेसरडिक या दोन यंत्रकारागिरांनी तसा सांधा घडवून चार चाकांची ओढ असलेली गाडी चालवून दाखवली. त्यांच्याच कारखान्याचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने युरोपच्या चिखलात गेले. त्याच राज्यातल्या केनोशा गावचा जेफरी क्वाड हा ट्रकही तसाच. १९१६ साली मेक्सिकोच्या मोहिमेत अमेरिकी फौजेने तो वापरला.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. चार चाकांची गाडी रस्त्यासाठी जन्मलीच नाही. रस्ता जिथे संपतो, तिथून पुढे तिचं काम सुरू होतं.

मग आलं १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला एक हलकी, चपळ, चारही चाकांनी रेटणारी गाडी हवी होती. शंभराहून अधिक कारखान्यांना विचारणा झाली. अट अशी की नमुन्याची गाडी ४९ दिवसांत हजर करायची. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या छोट्या, कर्जात बुडालेल्या कंपनीने हे आव्हान घेतलं. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मुदतीत पोचली. मोठी ऑर्डर मात्र बँटमला मिळाली नाही, ती गेली विलीज आणि फोर्ड या मोठ्यांकडे. त्या दोघांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. त्याच गाडीला जग 'जीप' म्हणू लागलं.

या जीपमध्ये आपल्या प्रश्नाचं उत्तर लपलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या गिअरशेजारी आणखी दोन दांडे होते. एकाने पुढच्या चाकांचं बळ जोडता-तोडता यायचं, दुसऱ्याने वेग कमी करून जोर वाढवता यायचा. म्हणजे साध्या रस्त्यावर सैनिकसुद्धा दोनच चाकांवर जीप चालवत.

असं का? गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. पुढच्यांना जास्त अंतर कापावं लागतं. चारही चाकं एकाच बळाला घट्ट जोडलेली असली तर ही तफावत कुठे तरी निघावी लागते. चिखलात, वाळूत चाक जरा घसरतं आणि निघून जाते. कोरड्या डांबरावर ती निघत नाही. गाडी आखडते, टायर घासतात, सांध्यांवर ताण येतो. जी ताकद चिखलात तारते, तीच पक्क्या रस्त्यावर गाडीला खाते.

युद्ध संपल्यावर विलीजने जीप शेतकऱ्याला विकायला काढली. १९४६ साली डॉजचा पॉवर वॅगन आला, १९४७ साली विलीजची स्वतःची पिकअप आली. १९५० चं दशक सरता सरता शेव्हरोले आणि फोर्ड यांच्याही पिकअप कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांत मिळू लागल्या. दुकानात उभं राहून 'दोन की चार' असं विचारणारा गिऱ्हाईक इथे जन्माला आला. माझा पुतण्या त्याच रांगेत शेवटी येऊन उभा होता म्हणा ना.

त्या पहिल्या गिऱ्हाइकांची तक्रारही मोठी बोलकी आहे. दांडा टाकून बळ तोडलं तरी पुढचा आस, त्याचे दाते आणि शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरतच राहतात. इंधन जास्त जातं, झीज होते. १९४८ साली अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटलजवळ, आर्थर वॉर्न या माणसाने त्यावर तोड काढली. पुढच्या चाकांचा सांधा हाताने सोडता आणि जोडता येईल असे हब त्याने विकायला सुरुवात केली. रस्त्यावर असाल तर सोडा, चिखलात जायचं तर खाली उतरून जोडा. म्हणजे लढाईची गाडी संसाराला लागली, तेव्हा तिच्या मालकाने सर्वांत आधी काय केलं? पुढची चाकं मोकळी करून घेतली.

आता आपल्याकडे येऊ. ऑक्टोबर १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी सुरू झाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ, आणि मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार. धंदा पोलादाचा. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारतासाठी खरेदी करणाऱ्या मंडळाचं काम पाहत होते. कंपनीने १९४७ पासून विलीज जीपचे सुटे भाग आणून इथे त्या जुळवायला घेतल्या, आणि पुढे मुंबईत माझगावला हे काम उभं राहिलं. मधल्या काळात फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आद्याक्षरं तीच राहिली, एका अक्षरामागचा माणूस बदलला.

हे वाचताना मी थोडा थांबलो, हे कबूल करतो. आमचे आजोबा त्याच वर्षांत खाडीतल्या होडीवर होते. जायचं की राहायचं, हा प्रश्न आमच्या घरी कुणी फार वेळ चघळला नाही. कलमं लावलेली होती, ती उचलून कुठे नेणार? आमची गाडी इथेच राहिली. पण एका पाटीवरून एक नाव उतरलं, हे आपल्याच जीपच्या इतिहासात लिहिलेलं आहे, आणि ते ठाऊक असलेलं बरं.

पुढे ही जीप महाराष्ट्राच्या गावोगाव शिरली. मामलेदाराची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, निवडणुकीतली कर्णा लावलेली जीप आणि शेवटी वडापची जीप, जिच्यात माणसं मोजायची नसतात. गंमत अशी की रस्ते सुधारत गेले तशा कंपनीने पुढच्या चाकांना बळ नसलेल्या जीपही विकल्या. त्या स्वस्त पडत. लोक त्यांनाही जीपच म्हणत. १९८८ साली टाटांची २०६ ही पिकअप आली, तीही मागच्या चाकांवर चालणारी. बोलेरो कॅम्परसारख्या गाड्या मग दोन्ही प्रकारांत निघाल्या.

आता भाईंची गोष्ट. १९९० च्या आसपास त्यांनी एक जुनी जीप घेतली, चार चाकांची. मोठा अभिमान होता त्यांना तिचा. पण चार चाकं लागायची वर्षातून आठ-दहा दिवस. कुणी तरी सल्ला दिला, पुढचा शाफ्ट काढून ठेवा, डिझेल वाचेल. भाईंनी तो काढून पडवीत ठेवला. त्या काळी बरेच जण असं करत. वॉर्नचं हब आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पण त्याचा विचार आमच्या मेस्त्रीच्या डोक्यातही आलाच होता. फरक एवढाच की हब मिनिटात जोडता येतं, शाफ्टला पाने आणि वेळ लागतो.

१९९४ च्या जुलैत एका रात्री आमच्या अम्मीला दम लागला. बाहेर धो धो पाऊस. जीप काढली. घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत तांबड्या मातीचा चढ आहे. अर्ध्या चढावर मागची चाकं जागेवर फिरू लागली. भाईंनी सवयीने दांडा टाकला. काहीच झालं नाही. शाफ्ट पडवीत होता. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मोहल्ल्यातली माणसं धावली, वरच्या कुणबीवाडीतली धावली. ढकलून गाडी हलेना. तेव्हा वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "ढकलताव काय, मागं भार टाका." लोकांनी जांभ्याचे चिरे आणि भाताची पोती जीपच्या मागच्या भागात टाकली, चाकाखाली नारळाची सोडणं घातली. चाकं रुतली, धरली, आणि जीप चढली. अम्मी दवाखान्यात वेळेवर पोचली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. भाई मात्र त्या रात्रीच्या चढावरच राहिले.

त्या म्हाताऱ्याचं म्हणणं मला आता पुस्तकात सापडलं. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं, कारण इंजिन पुढे. ढकलणारी चाकं मागे, आणि त्यांच्यावर भार नाही. म्हणून ती घसरतात. हौद्यात माल असला की तीच चाकं जमीन पकडतात. भरलेली पिकअप चढते आणि रिकामी अडते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. बैलगाडीत मागे जास्त भरलं तर ती उलाळ होते. इथे मागे काहीच नसलं तर पंचाईत. आणि आणखी एक. चार चाकांना बळ असलं म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. निसरड्या उतारावर चार चाकांचा भरवसा माणसाला फसवतो.

हे सगळं घेऊन मी गावी गेलो. पडवीत आम्ही तिघं बसलो. पुतण्याला म्हटलं, दिवस मोज. त्याने बोटांवर मोजले. आंबा मार्च ते मे, जमीन कोरडी. सड्यावरून येताना गाडी भरलेली. पावसात सड्यावर जायचं काम खताच्या चार-सहा फेऱ्यांचं. बाकी वर्षभर डांबर. घरापुढचा तो चढ आता सिमेंटचा झाला आहे. हिशेब दोन चाकांच्या बाजूने होता.

भाई म्हणाले, "ती रात्र कुठल्या दिवसात मोजलीस?"

पुतण्या गप्प बसला. मीही. थोड्या वेळाने मी म्हटलं, "भाई, त्या रात्री तुमच्याकडे चार चाकांची गाडी होती. नव्हता तो शाफ्ट. आता हे पोरगं जास्तीचा हप्ता भरेल आणि दांड्याला वर्षात एकदाही हात लावणार नाही. न वापरलेला सांधा गंजतो. घाटात राहणाऱ्याने, नदीतून रोज जाणाऱ्याने चार चाकंच घ्यावीत. त्याने त्यांना महिन्यातून एकदा चालवावंही. पण आपला चढ आता तो राहिला नाही. अम्मीसारखं कुणी आजारी पडलं तर १०८ ची गाडी दारात येते."

भाई बराच वेळ अंगणाकडे पाहत होते. मग उठले, आत गेले. आम्हाला वाटलं, रागावले.

पिकअप मागच्या चाकांचीच आली. हप्ता पुतण्याला झेपतो आहे. गाडी आली त्या संध्याकाळी भाई अंगणात उतरले, तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या फळीवर हात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "ठीक आहे. पण जूनपासून वाळूची चार पोती मागं ठेवायची. चाकांच्या वरच, आणि बांधून."

पावसाळ्यात मी गावी गेलो होतो. पोती होती. दोरी भाईंनी स्वतः आवळलेली दिसत होती.