जलजीवालयातील प्रवाळ-शेवंड

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींच्या कपारींत राहणाऱ्या एनोप्लोमेटोपस वंशातील दशपाद कवचधारी प्राण्यांना प्रवाळ-शेवंड म्हणता येईल. लांबी साधारणपणे १० ते १२ सेंमी. असते. रंग तांबडा, नारिंगी किंवा फिकट असून त्यावर पांढरे वा जांभळे ठिपके असतात. कोकण किनाऱ्यावरील खाद्य शेवंडीस नांग्या नसतात. या प्राण्याच्या पायांच्या पहिल्या जोडीस मात्र मोठ्या नांग्या असतात.

हा नाजूक प्राणी घरगुती टाकीत जगविणे शक्य झाले, ते समुद्राचे पाणी बंदिस्त जागेत निर्दोष कसे ठेवावे हे उमगल्यावरच. १८४६ मध्ये ॲना थाइन या इंग्रज बाईंनी टॉर्की येथून लंडनला प्रवाळ आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते रोज उघड्या खिडकीपाशी बराच वेळ एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक जलजीवालय सुरू झाले आणि फिलिप हेन्‍री गॉस यांच्या ग्रंथांमुळे इंग्लंडमध्ये या छंदाची साथच पसरली. तिचा परिणाम शोचनीय झाला. संग्राहकांनी खडकांतील डबकी अक्षरशः ओरबाडून नेली; गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी आपल्या फादर अँड सन (१९०७) या आत्मकथनात या उजाड किनाऱ्याविषयी खेदाने लिहिले आहे.

विल्यम ॲलफर्ड लॉइड यांनी क्रिस्टल पॅलेस येथील जलजीवालयात (१८७१) टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा जलसाठा जमिनीखाली ठेवून पाणी सतत खेळते राखले. ही युक्ती अनुभवातून सुचलेली होती. तिच्यामागील एक महत्त्वाचे कारण १८९० च्या सुमारास सर्ग्येई व्हिनोग्राड्स्की यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले : प्राण्यांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे काही जंतू प्रथम नायट्राइटात व दुसरे जंतू त्याचे पुढे नायट्रेटात रूपांतर करतात. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी भित्तीवरील सजीव खडक टाकीत ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या खडकांत असे जंतू वसतात. शिवाय शेवंडीस दडायला बीळ मिळते.

बीळ अत्यावश्यक असते. प्राणी निशाचर असून दिवसा क्वचितच बाहेर पडतो. कात टाकल्यावर अंग मऊ असताना तर तो पूर्णपणे दडून राहतो. टाकलेले कवच अखंड असल्यामुळे नवखा पाळणारा प्राणी मेला असे समजतो. माशांच्या परजीवींवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे शेवंडीस घातक ठरतात. लहान मासे व कोळंब्या मात्र तिच्या नांग्यांपासून सुरक्षित नसतात.

जलजीवालयांच्या व्यापारामुळे शास्त्रज्ञांनाही नव्या जाती हाती आल्या. १९८३ मध्ये डच प्राणिशास्त्रज्ञ एल. बी. होल्टहाउस यांनी वर्णिलेली जांभळ्या ठिपक्यांची एनोप्लोमेटोपस डेबेलिअस ही जाती जर्मन जलजीवप्रेमी हेल्मुट डेबेलिअस यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र गॉस यांच्या काळातील दोष नव्या रूपात कायम राहिला. १९६० नंतर फिलिपीन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी भित्तींवर सायनाइड फवारण्याची प्रथा पडली. त्याने मासे गुंगतात, पण प्रवाळ मरतात. विदूषक मासा बंदिस्त स्थितीत मोठ्या प्रमाणावर वाढविला जातो. बाजारात येणारी प्रवाळ-शेवंड मात्र मुख्यत्वे भित्तीवरूनच पकडून आणलेली असते.