फावल्या वेळेंतील वेध

चरितार्थाचा व्यवसाय आणि मनाचा छंद हे एकमेकांचे वैरी, अशी आपल्या मध्यमवर्गांत दृढ समजूत आहे. ग्रोट रेबर याचें चरित्र पाहतां ती आम्हांस खरी वाटत नाहीं.

रेबर हा अमेरिकेंत शिकागो येथें रेडिओयंत्रांच्या कारखान्यांत नोकरी करणारा अभियंता. आकाशगंगेकडून रेडिओलहरी येतात, हें कार्ल जान्स्की यानें १९३३ सालीं जाहीर केलें होतें. परंतु ज्योतिर्विदांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. तें काम रेबरनें घरीं हातीं घेतलें. १९३७ सालीं व्हीटन गांवीं घराच्या परसांत त्यानें स्वखर्चानें सुमारें ३१ फूट व्यासाची पत्र्याची थाळी उभारली. आधीं दोन आंखूड लहरींवर पदरीं निराशाच आली. तेव्हां धंद्यांत कमावलेल्या विद्येच्या बळावर त्यानें ग्राहकयंत्र पुन्हां नव्यानें बांधलें, आणि सुमारें २ मीटर लांबीच्या लहरीवर त्यास यश लाभलें. दिवसां मोटारींच्या ठिणग्यांमुळें यंत्रांत खरखर होई. म्हणून वेध मध्यरात्रीनंतर घ्यावयाचे, आणि सकाळीं पुन्हां कामावर हजर व्हावयाचें! १९४४ सालीं त्याचे आकाशाचे रेडिओ-नकाशे प्रसिद्ध झाले.

पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या आहेत, त्या याच शास्त्राच्या. रेबरचा छंद धंद्याच्याच विद्येवर पोसला. घरांत रेडिओ उघडून बसणाऱ्या मुलास रागें भरण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानीं घ्यावें.