भीमेकाठची बिननावाची भाषा

नालवार स्टेशनला उतरून सन्नतीचा रस्ता धरा. तिथली चंद्रलापरमेश्वरी महाराष्ट्रातल्याही कितीतरी घरांची कुलदेवता, त्यामुळे देवळाच्या रांगेत मराठी आणि कन्नड शेजारीशेजारी उभ्या असतात. याच आवारात 1986 साली काली मंदिराचं छप्पर कोसळलं, आणि मूर्ती ज्या शिळेवर उभी होती ती शिळा अशोकाचा शिलालेख निघाली. तुम्ही तिथेच थांबा. पुढे भीमा वाहते आहे. आता काळ उलटा चालू द्या.

वरचे थर भराभर मागे पडतात. पंधराव्या शतकात बहमनी दरबाराच्या छायेत फखरुद्दीन निजामी दखनीतून 'कदम राव पदम राव' रचतो आहे. आणखी मागे, बाराव्या शतकात, कल्याणीला बसवण्णांची वचनं कानी पडतात. त्याच्याही आधी, 1129 च्या सुमारास, त्याच गावात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा 'मानसोल्लास' सिद्ध करतो आणि त्यात मराठी पदांनाही जागा देतो. दहाव्या शतकात मळखेडला पुष्पदंत अपभ्रंशातून महापुराण लिहितो. त्याच मळखेडला त्याच्या शंभरेक वर्षं आधी 'कविराजमार्ग' कन्नडच्या सीमा आखून देतो, कावेरीपासून गोदावरीपर्यंत. इथवर तुम्ही निर्धास्त आहात. अपभ्रंश आज कुणी बोलत नाही, पण तिची हजारो कडवी मागे उरली. तिचं कूळ सांगताना कुणाचा आवाज कापत नाही.

तसेच खाली उतरा. इसवीसनाचं दुसरं शतक. सन्नतीपासून जवळच, कनगनहळ्ळीचा स्तूप. पायाखाली, भिंतीला, कठड्याला तोच करडा चुनखडीचा दगड, जो पुढे शहाबादी फरशी म्हणून आपल्या घराघरांत येणार आहे. स्तूपाचं नाव अधोलोक महाचैत्य. एका शिल्पपटावर राजा, शेजारी राणी, छत्र आणि चवरी धरलेल्या दासी. वर ब्राह्मीत कोरलंय 'रायो असोको'. अशोक जाऊन तीन शतकं उलटून गेली आहेत. आता दख्खनवर सातवाहनांचं राज्य आहे आणि गादीवर वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहे.

लेख वाचत फिरा. दानं, दात्यांची नावं, त्यांची गावं, आणि सगळं प्राकृतात. पण ओट्याच्या सावलीत बसलेला पाथरवट पोराला जे सांगतोय ते प्राकृत नाही. पोर हसतं, छिन्नी पुढे करतं. त्या दोघांतलं एक अक्षरही कुणी दगडावर उतरवणार नाही. प्राकृत ही लिहिण्याची भाषा, दानाची, दरबाराची. घरातल्या भाषेला दगड मिळत नाही.

तिला मिळतं ते फक्त चांदीचं नाणं. दान द्यायला आलेला व्यापारी ते तुमच्या तळहातावर ठेवतो. दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा. ही पद्धत पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरून घेतलेली. कडेने प्राकृत अक्षरं: 'रञो वासिठिपुतस सिरि पुळुमाविस'. राजा, वासिष्ठीपुत्र, श्री पुळुमावी याचं. नाणं उलटं करा. डोंगराच्या कमानी, उज्जैनचं चिन्ह, आणि भोवती दुसरीच ओळ. अभ्यासक ती साधारण अशी लावतात: 'अरहणकु वाहिट्टि माकणकु तिरु पुळुमाविकु'.

इथे बसा, घाई करू नका. एका हरवलेल्या भाषेची जवळजवळ सगळी शिल्लक तुमच्या हातात आहे.

'अरहण' म्हणजे राजा; कन्नडचा 'अरस' आणि तमिळचा 'अरसन' तुम्हाला लगेच आठवतील. 'माकण' म्हणजे मुलगा. कलबुर्गीच्या बाजारात आजही 'मग' ऐकू येतं. 'तिरु' म्हणजे श्री. शेवटचा 'कु' हा विभक्तीचा प्रत्यय आणि तोही द्राविड. कूळ ठरलं, यात वाद नाही. वाद पुढे आहे. कुणी ही तमिळ मानली, कुणी तेलुगूची आई, कुणी कन्नडची.

त्यांचे पुरावे एकेक उचलून बघा. 'माकण' आणि 'कु' हे मूळ द्राविडापासून चालत आलेले. आजोबांचं नाक सगळ्या नातवंडांना आलेलं असतं. त्यावरून त्यातली सख्खी भावंडं कोण ते कळत नाही. शाखा ठरवायची तर काहीतरी एकत्र बदललेलं दाखवावं लागतं, एकत्र टिकलेलं नव्हे. तमिळचा दावा भक्कम वाटतो याचं कारणही वेगळं आहे. त्या काळात द्राविड भाषांपैकी एकटी तमिळ गुहांच्या भिंतींवर लिहिली जात होती. पूर्ण कन्नड लेखासाठी हल्मिडीपर्यंत, म्हणजे साधारण इ.स. 450 पर्यंत, थांबावं लागतं. तुलनेला दुसरं कुणीच नसेल, तर कुठलीही द्राविड ओळ तमिळसारखीच दिसणार.

शिवाय ही ओळ सहज बोललेली नाही, भाषांतरित आहे. प्राकृतात चतुर्थीचं काम षष्ठीच करायची. टाकसाळीतल्या कुणीतरी 'स'च्या जागी 'कु' बसवत ओळ पुरी केली. तेव्हा वाक्यरचनेवरून काही सिद्ध करायला जाऊ नका.

मग खरोखर बदललेलं काय उरतं? 'स'चा 'ह'. 'वासिठि'चं 'वाहिट्टि', 'अरस'च्या जागी 'अरह'. आता जुन्नरच्या वर नाणेघाटात जा. तिथे सातवाहन कुळातल्या एका कुमाराचं नाव कोरलंय 'हकुसिरि'. बहुतेक अभ्यासक त्यामागे 'शक्तिश्री' पाहतात. इथेही पहिलं अक्षर 'ह' झालं. भीमेपासून सह्याद्रीपर्यंत एकच जीभ 'स' म्हणायला कचरते आहे, असं मला ठामपणे वाटतं. तरी हा पुरावा ताणता येत नाही. सिंधूचं हिंदू इराणातही झालं. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी गोंडीच्या बोलींतही हेच दाखवलं: कुठे 'स', कुठे 'ह', कुठे तो पुरता गळालेला. असा बदल वेगवेगळ्या घरी आपापला होतो.

याच सातवाहन दरबाराच्या आख्यायिकेत आणखी एक हरवलेली भाषा आहे. गुणाढ्य पैज हरतो, संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा सोडतो, रानात जाऊन पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. राजा ती नाकारतो. सहा लाख श्लोक आगीत जातात. उरलेलं एक लाखही आज नाही. पैशाची आपल्याला कळते ती व्याकरणकारांच्या नियमांतून आणि चिमूटभर उताऱ्यांतून, जसा उद्योतनाच्या 779 सालच्या 'कुवलयमाले'तला. वररुची म्हणतो गगनाचं 'गकन', माधवाचं 'माथव'. हेमचंद्र म्हणतो 'ल'चा 'ळ'. एवढ्यावरून ग्रियर्सनने तिला वायव्य सरहद्दीवर नेलं, तर स्टेन कोनोने 1910 साली विंध्यात आणून द्राविड जिभेशी जोडलं. दोघेही मोठे विद्वान. पण नियम लिहिणाऱ्यांनी ती भाषा कुणाच्या तोंडून ऐकली होती का, हे आधी विचारायला हवं होतं.

तुम्ही ज्या शतकात उभे आहात त्याच शतकातला एक पपायरस इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकसला सापडला. ग्रीक प्रहसन, त्यात भारतीय किनाऱ्यावरच्या लोकांची न कळणारी वाक्यं. हुल्शने 1904 मध्ये ती कन्नड ठरवली, काहींनी पुढे तुळू, आणि कित्येकांच्या मते ती नुसती बडबड. तिथेही पुरावा अपुरा आणि ओढ फार.

आणि ही ओढ इथे, बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात, मी फार जवळून ओळखते. ज्या गावांच्या सीमावादावर महाजन आयोगाला 1967 साली अहवाल द्यावा लागला, तिथे जुना दगड निघाला की पहिला प्रश्न येतो: आपला की त्यांचा? नाण्यावरच्या ओळीला या प्रश्नात ओढणं अन्यायाचं आहे. तिच्या बोलणाऱ्यांना ना म्हैसूर ठाऊक होतं, ना मुंबई. संग्रहालयाच्या पाटीवर 'द्राविड, शाखा अनिश्चित' एवढंच लिहावं, आणि ते लिहिताना कुणाला कमीपणा वाटू नये.

व्यापाऱ्याला नाणं परत द्या आणि वर निघा. यज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवरही दोन भाषा दिसतात. मग ती परंपरा थांबते. अडीचएक शतकांनी हल्मिडीला कन्नड भेटते, 575 च्या सुमारास रायलसीमेतल्या कलमल्लाला तेलुगू. दोघींची वळणं एव्हाना वेगळी झालेली. कन्नडमध्ये राजा 'अरस'च आहे, 'स'सकट. 'अरहण' म्हणणारं मात्र कुणी पुढे येत नाही.