मांडवीचे पूल : चुना, सिमेंट आणि खारे पाणी



या स्मृतिव्याख्यानात मी साहित्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आयुष्यभर मी मराठी शिकविले. स्थापत्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि, ज्या पुलावरून आपण सारे पणजीस ये-जा करीत होतो, तो मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. एखादी वास्तू का टिकते आणि का टिकत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वाचनाचा विषय झाला. त्या वाचनाचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ शब्दांपासून करू. ‘सिमेंट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ दगडाच्या ठिकऱ्या असा होता. पुढे तो ठिकऱ्यांना सांधणाऱ्या द्रव्याचे नाव बनला. ‘काँक्रीट’चा मूळ अर्थ ‘एकत्र वाढलेले’. आपल्याकडील ‘सुरखी’ फारसीतील लाल या अर्थाच्या शब्दापासून आली. ती म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. ही पूड चुन्यात मिसळली की तो पाण्यातही घट्ट होतो. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सनजीकच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले. त्यांचे समुद्रातील धक्के दोन हजार वर्षांनंतरही उभे आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, समुद्राचे पाणी त्या काँक्रीटात झिरपत राहिल्याने आत नवी खनिजे वाढत गेली व त्यांनी ते अधिक दृढ केले.

आपल्या भूमीतही असे उदाहरण आहे. पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा सेतुमार्ग पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिस याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ साली बांधला गेला. जांभ्या दगडाचा हा मार्ग भरती-ओहोटीच्या दलदलीतून जातो आणि आजही वाहने वाहतो. साडेतीन शतके उलटल्यानंतर त्याच नदीवर बांधलेला आधुनिक पूल अवघ्या सोळा वर्षांच्या आसपास कोसळावा, याचा अर्थ काय ?

‘जुने ते सोने’ असे म्हणून या प्रश्नाची वासलात लावणे न्याय्य होणार नाही. दगडी कमान केवळ दाब सोसते. तिच्या पोटात लोखंड नाही, म्हणून गंजण्यासारखेही काही नाही; परंतु मोठी गलबते खालून जातील एवढे रुंद गाळे तिला पेलवत नाहीत. लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६७ साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचे पेटंट घेतले. काँक्रीटने दाब सोसावा आणि लोखंडाने ताण, हा तो संसार. आपण त्यालाच आर. सी. सी. म्हणतो.

हा संसार टिकतो तो काँक्रीटच्या क्षारधर्मामुळे. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा ते तेराच्या घरात असतो. अशा परिस्थितीत सळईवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि तो तिला गंजू देत नाही. या कवचाचे शत्रू दोन. पहिला हवेतील कार्बन डायॉक्साइड. तो काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावतो, सामू नऊच्या खाली उतरवतो आणि कवच विरते. गंमत अशी की, हीच क्रिया चुन्याच्या गिलाव्याला कठीण करते. जी गिलाव्याची मित्र, तीच सळईची वैरीण ! दुसरा शत्रू मिठातील क्लोराइड. सामू उतरण्याची वाटही न पाहता ते कवचाला ठिकठिकाणी भोके पाडते. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापते, आतून काँक्रीट फोडते, आणि त्या भेगेतून आणखी पाणी शिरते. सल्फेट लोखंडाच्या वाटेस जात नाही. ते सिमेंटलाच फुगवून तडकवते.

मांडवीचा तो पूल पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता. अशा बांधणीत उच्च ताणशक्तीच्या पोलादी तारा नळ्यांतून ओवून, ताणून बांधतात आणि नळ्यांत सिमेंटची पातळ लापशी भरतात. लापशी अपुरी भरली तर नळीत पोकळी राहते. तेथे खारी दमट हवा आणि पाणी पोचले की तार आतल्या आत कुरतडली जाते. साध्या सळईचा गंज भेगा पाडून, तांबूस डाग उमटवून ओरडून सांगतो. ताणलेली तार पुष्कळदा न सांगता तुटते. मांडवीच्या पुलाचा घात अशा तारांच्या गंजण्यानेच झाला. त्याच सुमारास, डिसेंबर १९८५ मध्ये, वेल्समधील एक पूर्वप्रतिबलित पूल याच दोषाने पडला. १९९२ साली ब्रिटनने लापशी भरलेल्या तारांचे नवे पूल बांधणे थांबवले. सुधारित पद्धती ठरल्यावर १९९६ साली ती बंदी उठली.

पूल पडल्यावर आम्ही पुन्हा बेतीच्या फेरीबोटीत रांगा लावू लागलो. पावसाळ्यात वर्गावर वेळेत पोचणे हीच एक परीक्षा होती. विद्यार्थी, मासळीवाल्या, रुग्ण — साऱ्यांनी तो काळ सोसला. नवा पूल १९९२ साली खुला झाला. जुवारीवरील १९८३ चा पूलही पुढे अवजड वाहनांना पेलवेना. त्याच्या शेजारचा नवा पूल २०२२ व २०२३ च्या अखेरीस, दोन टप्प्यांत वाहता झाला.

शास्त्राने मात्र धडा घेतला. २००० सालच्या सुधारित भारतीय मानकाने सळईवरील काँक्रीटच्या आवरणाची जाडी परिसरानुसार ठरवून दिली : सौम्य हवामानात २० मिलिमीटर, समुद्रकाठी ४५, खाऱ्या तुषारांत ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. पाण्याचे सिमेंटशी प्रमाणही तसेच मर्यादित केले. कारण जादा पाणी उडून गेल्यावर मागे राहतात ती छिद्रे, आणि तीच शत्रूची दारे होत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमची घरे, ही शाळा, सारे काही खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात आहे. स्लॅबखाली तांबूस डाग वा पोपडा दिसला, तर त्यावर रंगाचा हात फिरवू नका, जाणकारास दाखवा. बांधकाम चालू असता खारी वाळू येत नाही ना, पाणी पुरेसे दिवस मारले जाते ना, हे विचारा. उद्‌घाटनाच्या शिळेवर नावे कोरली जातात. दरवर्षी पुलाखाली उतरून भेगा मोजणाऱ्याचे नाव कोठेच नसते. तरीही पूल उभा राहतो तो त्याच्या भरवशावर. तुमच्यापैकी एखाद्याने तरी ते अनाम काम पत्करावे, एवढीच माझी इच्छा आहे.