शिरूरच्या त्या मुली आणि तक्रारीचा कागद

यवतहून शिरूरला जायचं तर चौफुल्याला वळायचं आणि केडगाव, न्हावरे करत पुढे निघायचं. वाटेत केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथे निराधार बायकांबरोबर अंध स्त्रियांनाही आसरा मिळाला, शिक्षण मिळालं. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूरला, 1994 साली जे घडलं ते मात्र आपल्या भागात फारसं कुणी सांगत नाही. मलाही ते बी.एड. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं.

शिरूरला मतिमंद मुलींसाठी शासकीय संस्था होती. 'मतिमंद' हा तेव्हाचा सरकारी शब्द, आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या अनेक मुलींना आणि स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. आजार काही नव्हता. कारण दिलं गेलं ते असं, की पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वच्छता ठेवता येत नाही. बातमी फुटली, स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि सरकारला उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. अडचण पाळीची आहे, तर पॅड द्या, पुरेशा आया नेमा, मुलींना शिकवा. मनुष्यबळ कमी पडतं म्हणून माणसाचा अवयव काढायचा का?

मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो. समजा, त्यातली एखादी मुलगी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी 'मला नको' म्हणाली असती, तर ते तिने कुणाला सांगायचं होतं? संस्थेच्या अधिकाऱ्यांना? निर्णय तर व्यवस्थेचाच होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात जेवण, औषध आणि दाराची किल्ली.

हा पेच जुना आहे. बाराव्या शतकात शाममधल्या अल-शैझरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक पुस्तक लिहिलं. त्यात वजनकाट्यांबरोबर हकिमांचंही प्रकरण आहे. हकिमाने काय औषध दिलं ते लिहून त्याची प्रत रुग्णाच्या घरच्यांना द्यायची. रुग्ण दगावला तर घरच्यांनी ते कागद मुख्य हकिमाकडे न्यायचे आणि त्याने चूक कुणाची ते ठरवायचं. दोन गोष्टी तेव्हाच कळल्या होत्या: कागद रुग्णाच्या बाजूला हवा, आणि न्याय करणारा तिसरा हवा.

इंग्रजांनी 1912 च्या वेड्यांच्या कायद्यात तिसरा माणूस आणला, पण अर्धाच. प्रत्येक इस्पितळाला किमान तीन अभ्यागत नेमायचे, त्यांनी महिन्यातून एकदा येऊन सगळं तपासायचं. पाहुणा आला की फरशी पुसली जाते, हे आम्हा शिक्षकांना इन्स्पेक्शनच्या अनुभवावरून चांगलं ठाऊक आहे. पुढे 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये लागू झाला. रुग्णाला क्रूरपणे वागवू नये असं त्यात लिहिलं गेलं, पण देखरेखीसाठी अभ्यागतच राहिले. आतल्या माणसाने स्वतः उठून दार ठोठावण्याची सोय नव्हतीच म्हणा ना.

त्याची किंमत 6 ऑगस्ट 2001 ला कळली. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्णगृहाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण गेले. हे आपण मुसलमानांनी विशेष लक्षात ठेवायला हवं. दुआ मागायला माणूस दर्ग्यावर नेणं एक, आणि त्याला तिथे साखळीत सोडून घरी येणं दुसरं. साखळीतल्या माणसाची तक्रार आपणही 'त्याला काय कळतंय' म्हणून उडवून लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा देश हलला.

आज कायदा बदलला आहे. दिव्यांगांसाठी 2016 चा कायदा आहे. कुणाही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा उपचार करता येत नाही. शिरूरचं उत्तर यायला 22 वर्षं लागली. छळ होत असेल तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि आपल्या तालुक्यात तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारीच असतात. हक्क डावलले गेले तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

मनोरुग्णांसाठी 2017 चा वेगळा कायदा आहे. त्यात साखळी बांधायला साफ बंदी आहे. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू स्त्री रुग्णांना मिळाल्याच पाहिजेत, हेही लिहिलं आहे. सेवेत कमतरता असेल तर आधी तिथल्या प्रमुखाकडे तक्रार, समाधान न झाल्यास पुनरावलोकन मंडळाकडे, मग राज्य प्राधिकरणाकडे. मंडळाकडे अर्जाला फी नाही. मंडळात न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर स्वतः आजार भोगलेल्या किंवा रुग्ण सांभाळणाऱ्या माणसांनाही जागा ठेवली आहे. शतकभर ज्यांना फक्त पाहिलं गेलं, ते आता ऐकायला बसू शकतात.

पण मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली. तिची थोरली मुलगी एका निवासी संस्थेत असते. सुट्टीत घरी आली तेव्हा दंडावर वळ होते. मी म्हटलं, लिहून देऊ या. ती म्हणाली, "आपा, तक्रार केली अन् त्यांनी पोरीला घरी पाठवलं, तर मी रोजावर कशी जाऊ?"

सगळे कायदे या एका वाक्यापाशी येऊन थांबतात. तिचं भय खोटं नव्हतं. मी तिला धीर धर म्हटलं नाही. आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला, तारीख घातली, वळांचे फोटो जोडले आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच घेतली. चौकशी झाली. मुलगी अजून तिथेच आहे, आता आई दर पंधरवड्याला जाते आणि तिला दंड वर करून दाखवायला सांगते.

शिरूरच्या मुलींकडे असा कागद नव्हता. तुमच्या घरात, गल्लीत कुणी अशा संस्थेत असेल तर अर्ज लिहायला बसा, आणि लिहिण्याआधी त्या माणसालाच विचारा.